व्हिन्येट आणि डायोरामा: फरक कशात, आणि घरात ठेवायचं काय

स्केल मॉडेलचा, म्हणजे खऱ्या वस्तूंच्या प्रमाणबद्ध छोट्या प्रतिकृतींचा एक देखावा: एक रणगाडा, दोन सैनिक, थोडी माती, मागे पडकी भिंत. याला कोणी व्हिन्येट म्हणतं, कोणी डायोरामा. लहान ती व्हिन्येट आणि मोठा तो डायोरामा, एवढ्यावर बरेच जण विषय संपवतात. स्पर्धांमध्ये फिगर, म्हणजे माणसांच्या छोट्या मूर्ती, मोजून वर्ग पाडतात, पण तो आकडाही स्पर्धेगणिक बदलतो. माझ्या मते फरक आकाराचा नाहीच. व्हिन्येटमध्ये नजर एका जागी जाते आणि तिथेच ठरते. डायोरामात ती एका वस्तूवरून दुसरीवर जाते, आणि त्या दोन वस्तूंचं एकमेकींशी काय नातं आहे हे कळलं की प्रसंग उलगडतो. आपण यातलं काय करतोय, हे बेसची फळी कापण्याआधीच ठरवा, कारण पुढे ते ठेवायचं की मोडायचं हा प्रश्नही त्यावरच अडतो.

उदाहरण भारत-पाक युद्धातल्या असल उत्तरच्या लढाईचं घेऊ. सप्टेंबर १९६५, पंजाबात खेमकरणजवळ. आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं होतं, सेंच्युरियन रणगाडे उसाच्या आड दबा धरून होते, आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतले. चीमा गावाजवळ ४ ग्रेनेडियर्स या पलटणीचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिमी रिकॉइललेस गनने पॅटन टिपले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. याच लढाईत शर्मन रणगाडे घेऊन डेक्कन हॉर्स लढली. या रेजिमेंटची मुळं निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिन्जंट या फौजेत आहेत, आणि त्या कंटिन्जंटच्या छावण्या औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई इथे होत्या. मराठवाड्यातल्या मॉडेल करणाऱ्याने हा विषय एकदा तरी हाती घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

आधी व्हिन्येट. १:३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या मापात, जीप दहा सेंमीच्या आसपास भरते, गनची लांबीही जवळपास तेवढीच, आणि उभा माणूस पाच सेंमीचा. पंधरा-सोळा सेंमीचा चौकोनी बेस पुरतो. जीप पिकाच्या आडोशाला, गनर नेम धरून, शेजारी गोळा भरणारा. बस्स. इथे जीव ओतायची जागा गनच्या मागे आहे. रिकॉइललेस गन झाडली की जाळाचा लोट मागच्या बाजूने बाहेर पडतो. धूळ उठते, मागचं पीक लोळतं, होरपळतं, आणि आपली जागा शत्रूला कळते. म्हणून एक-दोन गोळे झाडले की जागा बदलावी लागते. तेव्हा जीपच्या मागची रोपं बाहेरच्या दिशेने झोपवा, टोकं तपकिरी करा आणि पानांवर कोरडी धूळ बसवा. समोरची रोपं मात्र ताठ आणि हिरवी राहू द्या. एवढ्यावरून बघणाऱ्याला कळतं की गोळा नुकताच सुटला आहे. समोर पॅटन दाखवायची गरजच उरत नाही.

याचाच डायोरामा करायचा म्हटलं की अनेक जण जीप आणि पॅटन एकाच बेसवर समोरासमोर ठेवतात. जरा हिशोब करून बघा. १:३५ मध्ये ३० सेंमी म्हणजे प्रत्यक्षातले साडेदहा मीटर. २०० मीटरवरचा रणगाडा खऱ्या अंतरावर ठेवायचा तर पावणेसहा मीटर लांब फळी लागेल. लांबून टिपलेला रणगाडा घरातल्या फळीवर खऱ्या अंतरावर मावत नाही, त्यामुळे अशी मांडणी कितीही देखणी झाली तरी खोटी वाटते. मी इथे लढाईनंतरचा प्रसंग घेईन: चिखलात रुतून सोडून दिलेला पॅटन, वरचं झाकण उघडं, आणि तो बघायला आलेले आपले जवान. पॅटन नळीसकट २६-२७ सेंमी भरतो, उंची नऊ सेंमी. तीन मीटरचा ऊस साडेआठ सेंमीचा होतो, म्हणजे रणगाड्याच्या जवळपास बरोबरीला. रणगाडा उसात दडतो कसा, हे दोन्ही शेजारी ठेवले की सांगावं लागत नाही.

मातीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपल्या रानातली काळी माती फेव्हिकॉलमध्ये कालवून थापू नका. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात तशाच बेसवरही पडतात. उंचवटे थर्माकोल आणि कागदाच्या लगद्याचे करा. माती वस्त्रगाळ करून, तव्यावर भाजून, फक्त शेवटच्या पातळ थरात भुरभुरा. भाजली नाही तर पावसाळ्यात बुरशी येते. आणि खेमकरणची जमीन काळी नव्हे, गाळाची फिकट भुरकट आहे; तिथे नदीकाठची माती घ्या.

आता ठेवायचं काय. व्हिन्येट ठेवा, सगळ्या ठेवा. जुन्या घरातल्या देवळीतही ती बसते आणि काचेची छोटी पेटी स्वस्तात होते. डायोरामाचं तसं नाही. सुट्या रणगाड्यावरची धूळ मऊ ब्रशने निघते, पण गवतात आणि उसात शिरलेली निघत नाही. धाब्याच्या घरात तर छतातूनच माती झडते. पत्र्याखालच्या माळ्यावर टाकलात तर एप्रिल-मेच्या उन्हात ग्लू गनचे जोड सुटतात, आणि इपॉक्सी या पारदर्शक रेझिनने दाखवलेलं पाणी उन्हात राहिलं की पिवळं पडतं. फिशटँक करणाऱ्याकडून मापाची काचपेटी करून ती उपडी झाकणं हाच खरा उपाय. तेवढी जागा नि पैसा नसेल तर डायोरामा ठेवू नका. चारही बाजूंनी फोटो काढा, रणगाडा आणि फिगर उचलून घ्या, बेस मोडा. त्यासाठी सुरुवातीलाच रणगाडा न चिकटवता खालून दोन पितळी पिनांवर बसवायचा.

माझा अपवाद एकच: ज्यात जमीनच प्रसंग सांगते तो डायोरामा. निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या कारवाईत १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून आलेल्या भारतीय सैन्याने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला. या प्रसंगाच्या डायोरामातला रणगाडा उचलला तरी पूल, नदी आणि नळदुर्गचा किल्ला सगळं सांगतात. असा डायोरामा मोडू नका. घरात मावत नसेल तर काचपेटीसकट जवळच्या शाळेला द्या, १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाआधी. सोबत तारीख, ठिकाण आणि स्केल लिहिलेली पाटी लावा, आणि पाच सेंमीचा एक माणूस पुलावर उभा असू द्या, म्हणजे पुलाची उंची मुलांना स्वतःच काढता येईल.