नेदरलँड्समध्ये नवं घर: पत्ता नोंदणीची तयारी पुण्यातूनच करा

नोकरीचं पत्र आलं की पुण्यातल्या घरात पहिली चर्चा होते ती कुकर, मसाले आणि मुलांच्या शाळेची. कागदपत्रांचं 'तिकडे गेल्यावर बघू' असं म्हटलं जातं. नेदरलँड्सला सहकुटुंब जाणाऱ्यांनी हा क्रम उलटा करावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. तिथे घराचा पत्ता नगरपालिकेत नोंदवल्याशिवाय पगार, विमा, शाळा यांतलं काहीच सुरळीत सुरू होत नाही. त्या नोंदणीला लागणारे महत्त्वाचे कागद मात्र आपल्या क्षेत्रीय कार्यालयातून किंवा गावच्या ग्रामपंचायतीतून काढायचे असतात.

चार महिन्यांहून जास्त राहणार असाल, तर पोचल्यापासून 5 दिवसांत स्थानिक नगरपालिकेकडे नोंदणीसाठी जाणं बंधनकारक आहे. रहिवाशांच्या या नोंदवहीला तिथे 'बीआरपी' म्हणतात. कुटुंबातल्या प्रत्येकाने, तान्ह्या बाळानेसुद्धा, प्रत्यक्ष हजर राहायचं असतं. नोंद झाली की प्रत्येकाला 'बीएसएन' हा नागरिक क्रमांक मिळतो आणि पुढची सगळी कामं त्यावर चालतात. तारखा लवकर भरतात, म्हणून पुण्यातूनच वेळ ठरवून ठेवा. उच्च कुशल कर्मचारी म्हणून जाणाऱ्यांना ॲमस्टरडॅम, द हेग, आइंडहोवन अशा ठिकाणच्या एक्स्पॅट केंद्रांत, म्हणजे परदेशातून आलेल्यांसाठीच्या केंद्रांत, पत्ता नोंदणी आणि निवास परवाना ही दोन्ही कामं एकाच ठिकाणी उरकता येतात. कंपनीच्या एचआरकडे याची चौकशी जरूर करा.

घर निवडताना भाड्याच्या आधी एक गोष्ट विचारा: या पत्त्यावर संपूर्ण कुटुंबाची नोंदणी करता येईल का? काही घरमालक नोंदणीला नकार देतात. अशा घराचं भाडं कितीही परवडणारं वाटलं तरी ते घेऊ नका, निदान मुलं सोबत असताना तर नाहीच. होकार भाडेकरारात लिहून घ्या.

नोंदणीला जाताना सगळ्यांचे मूळ पासपोर्ट, त्यावरचा 'एमव्हीव्ही' प्रवेश व्हिसा किंवा निवास कार्ड, सही केलेला भाडेकरार, पती-पत्नीचं विवाह प्रमाणपत्र आणि प्रत्येकाचं जन्म प्रमाणपत्र जवळ हवं. प्रत्येकाचं म्हणजे आईवडिलांचंही. आपण मुलांचे दाखले जपून ठेवतो, पण स्वतःच्या जन्माचा दाखला कुठे आहे हे अनेकांना आठवतही नाही. दाखले नसले तरी पत्त्याची नोंद होऊ शकते, पण लग्न आणि पालकत्व यांची माहिती त्यात येत नाही. मग तिथे बाळ जन्माला आलं, की वडिलांचं नाव लावण्यापासून प्रश्न उभे राहतात.

आता पुण्यातलं काम. जन्माची नोंद जन्म झाला त्या ठिकाणी असते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत असल्याने, वाढलेले पुण्यात आणि जन्माची नोंद मात्र आजोळच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, असं असंख्य जणांचं असतं. तेव्हा आधी आजोळी फोन करा. पुणे महापालिका हद्दीतला जन्म असेल तर दाखला महापालिकेकडे मिळेल. जुना, हाताने लिहिलेला आणि फक्त मराठीतला दाखला असेल तर मराठी-इंग्रजी अशी नवी प्रत काढा. डच नगरपालिका इंग्रजी कागद स्वीकारते, त्यामुळे शपथबद्ध अनुवादकाचा खर्च वाचतो.

नोंद आहे पण बाळाचं नावच घातलेलं नाही, हेही नेहमीचं. नोंदीनंतर 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. नोंदच सापडली नाही तर काम लांबतं: जन्माला वर्ष उलटून गेलं असेल, तर 2023 च्या कायदादुरुस्तीनुसार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. याला महिने जाऊ शकतात, म्हणून शोध नोकरीचं पत्र हातात पडल्याच्या दिवशीच सुरू करा. दाखल्यावरची तारीख पासपोर्टशी ताडून पाहा. शाळेत घालताना लावलेली 1 जून पासपोर्टवर आली असेल, तर ती दुरुस्ती इथेच करून निघा.

लग्न वाजतगाजत झालं, नोंदणी राहिली, असंही अनेकांचं असतं. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याप्रमाणे विवाह नोंदणी 90 दिवसांत करायची असते, पण उशिराही दंड भरून होते. वय आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, भटजींची सही आणि तीन साक्षीदार ही तयारी ठेवा. पत्नीच्या जन्मदाखल्यावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर या दोन नावांना जोडणारा कागद म्हणजे हेच प्रमाणपत्र. म्हणून त्यावरचं लग्नाआधीचं नाव अक्षरनअक्षर तपासा.

हे दाखले हातात आले की ॲपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचं प्रमाणन. भारत 2005 पासून त्यासाठीच्या हेग कराराचा सदस्य आहे. जन्म-विवाहाचे दाखले आधी राज्य शासनाच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडून प्रमाणित होतात, मग परराष्ट्र मंत्रालय ॲपोस्टिल देतं. मंत्रालयाचं शुल्क कागदामागे 50 रुपये आहे. अर्ज मंत्रालयाने नेमलेल्या संस्थांमार्फत जातो, त्यांचं सेवाशुल्क वेगळं. दाखला लॅमिनेट करू नका, त्यावर ॲपोस्टिल करता येत नाही. मूळ प्रती विमानात हातातल्या बॅगेत ठेवा, कार्गोच्या खोक्यात कधीच नाही.

पत्नी किंवा पतीसाठी एक दिलासा: उच्च कुशल कर्मचाऱ्याच्या जोडीदाराला आधी डच भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथे नोकरीसाठी वेगळा परवानाही लागत नाही.

नोंदणीनंतर 4 महिन्यांच्या आत सगळ्यांचा डच आरोग्य विमा घ्यावा लागतो. 18 वर्षांखालच्या मुलांना हप्ता नसतो, पण त्यांचीही नोंद विम्यात करावीच लागते. भारतीयांना क्षयरोगाची तपासणीही करून घ्यावी लागते. शाळा 5 व्या वर्षापासून सक्तीची असली तरी बहुतेक मुलं 4 पूर्ण होताच जाऊ लागतात, त्यामुळे शाळेशी पत्रव्यवहार इथूनच सुरू केलेला बरा. सरकारी संकेतस्थळांसाठी लागणाऱ्या 'डिजिडी' या लॉगिनचा सक्रियण कोड टपालाने नोंदवलेल्या पत्त्यावरच येतो, तेव्हा दारावर आणि पत्रपेटीवर आपलं आडनाव लावून ठेवा.

पहिलं घर सहसा तात्पुरतं असतं. दुसऱ्या घरात जाताना नवा पत्ता आधीच्या 4 आठवड्यांपासून ते राहायला गेल्यावर 5 दिवसांपर्यंत कळवायचा असतो. 12 महिन्यांत 8 महिने किंवा जास्त देशाबाहेर राहणार असाल, तर निघण्यापूर्वी नोंदवहीतून नाव कमी करून घ्यावं लागतं.