वार कसा करायचा, हे मूठ ठरवते

जुनी वक्र तलवार हातात घेतली की पहिली अडचण मनगटाला जाणवते. मुठीच्या शेवटी ताटलीसारखी चकती असते आणि पकडायची जागा इतकी तोकडी, की चार बोटे जेमतेम मावतात. मनगट पुढे झुकवून टोक समोर न्यायला जावे, तर चकतीची कड मनगटाशी रुतते. पूर्वीच्या लोकांचे हात लहान होते म्हणून मूठ अशी, असे सांगतात. ते पटण्याजोगे नाही. मनगट जखडून ठेवणे हेच या मुठीचे काम आहे.

मनगट वळत नाही म्हणून वार खांद्यातून आणि कोपरातून येतो. पाते लागताच हात मागे खेचायचा. विळीवर टोमॅटो नुसता दाबला तर चेंगरतो, सरकवला की चिरतो, इथेही तेच. धारेचा कोन ३० अंशांचा असेल आणि पाते जितके खाली दाबले जाते तितकेच सरकले, तर कापणाऱ्या बाजूने तो कोन सुमारे २१ अंशांचा होतो. पात्याचा बाक हे सरकणे आपोआप घडवतो. मात्र बाकामुळे टोक हाताच्या रेषेबाहेर जाते, म्हणून भोसकायला ही तलवार अवघड. ते काम सरळ पात्याच्या धोपेचे. घोड्यावरून लांबवर पोचायलाही तीच बरी.

नवशिक्याचा वार बहुधा दोन कारणांनी फसतो. धार आणि वाराची दिशा एका रेषेत नसली, तर पाते चपटे आपटते आणि मूठ हातात फिरते. दुसरे म्हणजे वार चुकीच्या जागेने बसतो. टोकापासून साधारण पाव ते एकतृतीयांश अंतरावर पाते लागले, तर हाताला झिणझिण्या कमी येतात. मुठीजवळच्या भागाला वेग नसतो.

दांडपट्ट्यात मनगट पुरतेच बंद होते. हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत आणि मूठ आतल्या आडव्या दांडीवर. पाते लांब, सरळ, लवचिक. ते थांबले की पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो, म्हणून पट्टा सतत फिरता ठेवतात आणि पावले त्याच तालात टाकतात. धार वळवायची ती फक्त हाताच्या पिळाने. लवचिक पात्यावर समोरचा घाव नीट अडत नाही. तो खोबणीवर झेलावा लागतो. भोवती मोकळी जागा हवी, दाटीत आपल्याच माणसाला लागेल. हे सगळे साधणारा तो पटाईत; शब्द इथूनच आला.

पट्टेवाल्याला गाठायचे ते पाते पुढून निघून गेल्यावर, परत येण्याआधी, आत शिरून. त्या क्षणी त्याचा खांदा उघडा असतो. १६५९ साली प्रतापगडाखाली सय्यद बंडा पट्टा घेऊन शिवाजी महाराजांवर धावला, तेव्हा जिवा महालाने त्याच्या खांद्यावरच घाव घातला आणि पट्ट्यासकट हात तोडला, असे बखर सांगते.