सप्टेंबरातले चतुर कुठे जातात?

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन १७ सप्टेंबरला सकाळी होतं. त्या दिवशी पावसाने उघडीप दिलेली असली, की शाळेच्या मैदानावर हमखास चतुर दिसतात. माणसाच्या डोक्याच्या थोडं वर, शेकड्यांनी, कुठेही न टेकता घिरट्या घालणारे. पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. ह्याच दिवसांत सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या असतात आणि पिकावरही तेच थवे फिरत असतात. चतुर खाली उतरले की पाऊस येणार, असं जुनी माणसं सांगतात. पुढे हस्त नक्षत्र सरतं, सोयाबीन काढून होतं, दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रॅक्टर रस्त्याला लागतात, आणि मग कधीतरी लक्षात येतं की रानात चतुर उरलेच नाहीत. मेले म्हणावं, तर एवढ्या संख्येने मेलेले कुठे पडलेलेही दिसत नाहीत.

ह्या कोड्याची उकल ज्याने केली तो कीटकशास्त्रज्ञ नव्हता. तो सागरी जीवशास्त्रज्ञ होता, आणि चतुरांचा नाद हा त्याच्या नोकरीचा भाग नव्हता. मला ह्या संशोधनात सगळ्यात जास्त भावते ती हीच गोष्ट.

चार्ल्स अँडरसन १९८३ साली मालदीवमध्ये गेले. तिथल्या सरकारी मत्स्य विभागासाठी ट्यूना आणि शार्क ह्यांचा अभ्यास हे त्यांचं काम. मालदीव म्हणजे हिंदी महासागरात विखुरलेली सुमारे १,२०० प्रवाळबेटं. देशाचं पोट माशांवर आणि पर्यटकांवर चालतं. अँडरसन ह्यांनी एका सहकाऱ्यासोबत १९९३ मध्ये शार्क मासेमारीचा एक अहवाल लिहिला. एक शार्क मारून कोळ्याच्या हाती एकदाच सुमारे ३२ डॉलर पडतात, पण तोच शार्क पाणबुड्या पर्यटकांच्या लाडक्या जागेवर जिवंत राहिला तर वर्षाला सुमारे ३३,५०० डॉलरचं उत्पन्न देतो, असा हिशेब त्यात मांडला होता. संवर्धनाची बाजू पैशाच्या भाषेत मांडणाऱ्या ह्या हिशेबाचा दाखला पुढे जगभर दिला गेला. २०१० मध्ये मालदीवने शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली.

त्यांचं दुसरं काम मांटा ह्या प्रचंड पाकट माशावरचं. मांटा प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खाऊन जगतो, आणि प्लवक कुठे साचेल हे मॉन्सूनचे वारे आणि त्यांनी ढकललेले प्रवाह ठरवतात. नैऋत्य मॉन्सूनमध्ये मांटा बेटांच्या पूर्वेकडे जमतात, ईशान्य मॉन्सून सुरू झाला की पश्चिमेकडे सरकतात. थोडक्यात, वारा फिरला की जीव फिरतात, हे पाहण्यात ह्या माणसाची वर्षं गेली होती. त्यामुळे फावल्या वेळात आकाशात जे दिसलं, त्याचा अर्थ लावायला त्यांची नजर आधीच तयार होती.

दर ऑक्टोबरात राजधानी मालेमध्ये चतुर अवतरायचे. आधी तुरळक, मग लाखोंनी. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत हा लोंढा सुरू राहायचा आणि मग ओसरायचा. तिथल्या लोकांना त्याचं नवल नव्हतं. मालदीवचं पारंपरिक पंचांग आपल्यासारखंच नक्षत्रांचं आहे; मृग, आर्द्रा मोजत आपला शेतकरी जसा पावसाचा अंदाज बांधतो, तसे तिथले कोळी समुद्राचा बांधतात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात त्यांचं जे नक्षत्र येतं, त्याच्याच नावाने ते ह्या चतुरांना ओळखतात. वारा पालटण्याची ती खूण.

नवल वाटलं ते अँडरसन ह्यांना, कारण चतुराचा जन्म गोड्या पाण्यात होतो. अंडी पाण्यात, पिल्लंही पाण्यात. मालदीवच्या बहुतेक बेटांवर पृष्ठभागावर गोडं पाणी साचतच नाही, पाऊस प्रवाळाच्या भुसभुशीत जमिनीत मुरून जातो. म्हणजे हे लाखो चतुर तिथले नव्हेत. मग कुठले? सगळ्यात जवळची मोठी भूमी भारताची, आणि ती मालेपासून पाच-सहाशे किलोमीटर लांब. मधे फक्त समुद्र.

अँडरसन नोंदी ठेवू लागले. पहिला चतुर मालेत कोणत्या तारखेला दिसला, उत्तरेच्या बेटांवर कधी, दक्षिणेच्या बेटांवर कधी. जहाजावरून काय दिसलं, दक्षिण भारतात थवे कधी होते, आफ्रिकेच्या वाटेवरच्या सेशेल्स बेटांवर कधी पोचले. अशी वर्षामागून वर्षं गेली. नोंदी एकाखाली एक लावल्यावर चित्र स्पष्ट झालं: चतुर आधी दक्षिण भारतात, मग मालेत, मग आणखी दक्षिणेच्या बेटांवर, नोव्हेंबरपासून सेशेल्सच्या बाजूला, आणि पुढे पूर्व आफ्रिकेत, तिथला पाऊस सुरू होण्याच्या सुमारास. २००९ मध्ये त्यांनी हे ‘जर्नल ऑफ ट्रॉपिकल इकॉलॉजी’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केलं, आणि त्याच वर्षी म्हैसूरच्या एका व्याख्यानात लोकांपुढे मांडलं.

ह्यात एक मोठी अडचण होती, आणि तिची उकल मला फार सुंदर वाटते. ऑक्टोबरात मालेत जमिनीवर वारा पश्चिमेकडून वाहत असतो, म्हणजे चतुरांच्या नेमका तोंडावर. एवढासा जीव समोरचा वारा कापत शेकडो किलोमीटर येईल कसा? उत्तर उंचीत होतं. विषुववृत्ताच्या आसपास उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतले वारे जिथे एकमेकांना भेटतात, तिथे ढगांचा एक पट्टा असतो. आपला पावसाळा संपतो तसा हा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि ऑक्टोबरात मालदीववरून जातो. त्या वेळी खाली जुना पश्चिमेचा वारा असतो, पण हजार मीटरच्या वर ईशान्येचा वारा सुरू झालेला असतो. चतुर त्या वरच्या वाऱ्यावर स्वार होतात आणि पाऊस पडणाऱ्या पट्ट्यासोबतच पुढे सरकतात. खालून पाहणाऱ्याला ते वाऱ्याविरुद्ध आल्यासारखे वाटतात, इतकंच.

मालदीवपासून सेशेल्स दोन हजार किलोमीटरहून लांब. तिथून आफ्रिकेचा किनारा आणखी दीडेक हजार. आफ्रिकेत पोचलेले चतुर पावसाच्या डबक्यांत अंडी घालून मरतात. त्यांची पुढची पिढी पावसामागे दक्षिणेकडे जाते, त्यापुढची पुन्हा उत्तरेकडे येते. मे-जूनमध्ये सोमालियाच्या किनाऱ्यावरून भारताकडे जोराचा वारा सुटतो, तोच आपला मॉन्सून घेऊन येणारा. त्याच्यावर बसून चतुर परत भारतात येतात. असा हा १४,००० ते १८,००० किलोमीटरचा फेरा चार पिढ्यांत पुरा होतो, असा अँडरसन ह्यांचा अंदाज. उत्तर अमेरिकेतलं मोनार्क फुलपाखरू स्थलांतरासाठी जगप्रसिद्ध आहे; त्याचा एका बाजूचा प्रवास चार हजार किलोमीटरच्या आसपास भरतो, आणि तोही जमिनीवरून.

ह्याच वाऱ्यांवर एके काळी शिडाची जहाजं तांबड्या समुद्रातून आपल्या किनाऱ्याला यायची. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वर्णनात पैठण आणि तेर ही दोन गावं नावानिशी येतात: इथला माल बैलगाड्यांनी भडोच बंदराला जाई आणि तिथून जहाजावर चढे. मराठवाड्याला समुद्र नाही असं आपण सहज म्हणून जातो. पण पाऊस समुद्राचा, वारा समुद्राचा, आणि हे चतुरही समुद्र ओलांडूनच आलेल्यांची लेकरं.

अँडरसन ह्यांनी आणखी एक धागा जोडला. त्याच महिन्यांत काही पक्षीही भारताकडून आफ्रिकेकडे समुद्र ओलांडतात. अमूर ससाणा हा छोटा शिकारी पक्षी त्यातलाच. ईशान्य आशियातून येतो, नागालँडमध्ये लाखोंनी उतरतो आणि मग भारत नि अरबी समुद्र पार करून आफ्रिकेत जातो. २०१३ मध्ये नागालँडला काही ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली, तेव्हा हा मार्ग नकाशावर उमटला. समुद्रावर त्यांना खायला काय मिळतं? सोबत उडणारे चतुर, हा अँडरसन ह्यांचा तर्क. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येणारा चातकही आफ्रिकेतून येतो, तोही त्याच नैऋत्येच्या वाऱ्यासोबत.

तर्क कितीही सुसंगत असला तरी पुरावा लागतोच. चतुराचं वजन ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं; त्याच्या पाठीवर ससाण्याचं यंत्र बसवता येत नाही. मग २०१२ मध्ये अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंखांकडून उत्तर मिळवलं. पाण्यातला सगळा हायड्रोजन सारखा नसतो, त्यात थोडा जड हायड्रोजनही असतो. समुद्रावरून निघालेला ढग जसजसा आत जाईल, उत्तरेला जाईल, डोंगर चढेल, तसतसं जड पाणी आधी पडून जातं आणि पुढचा पाऊस हलका होत जातो. म्हणून वेगवेगळ्या प्रदेशांच्या पावसाच्या पाण्यात जड हायड्रोजनचं प्रमाण वेगळं सापडतं. चतुराचं पिल्लू ज्या पाण्यात वाढतं, त्या पाण्याचा हायड्रोजन त्याच्या अंगात जातो आणि त्याच अंगातून पंख घडतो. एकदा वाळून कडक झालेला पंख पुढे बदलत नाही. म्हणजे मालेत पकडलेल्या चतुराचा पंख तपासला की तो कोणत्या भागातल्या पाण्यात जन्मला ते उमगतं. ते पंख मालदीवच्या पाण्याशी जुळले नाहीत. दक्षिण भारताशीही नीट जुळले नाहीत. ते जुळले उत्तर भारत, नेपाळ, बांगलादेश आणि त्याही पलीकडच्या प्रदेशाशी. एवढ्या उत्तरेकडून निघालेल्या थव्यांची वाट दख्खनच्या पठारावरून जात असणार, असं मानायला भरपूर जागा आहे. सप्टेंबरात आपल्या रानावर दिसणाऱ्या चतुरांमध्ये कितीतरी असे वाटसरू असतील.

हा चतुर ओळखायला सोपा. रंग पिवळसर सोनेरी, नराच्या पाठीवर तांबूस झाक. पंखांचा पसारा सात-आठ सेंटीमीटर. खरी खूण मागच्या पंखांत आहे: अंगाला चिकटतात तिथे ते विलक्षण रुंद असतात. ह्या रुंदीमुळे तो पंख न हलवता बराच वेळ तरंगू शकतो. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये गणित मांडून पाहिलं: अंगातल्या चरबीवर एवढा समुद्र नुसतं पंख मारून पार होणार नाही, पण तरंगणं आणि अनुकूल वारा जोडीला असला तर होऊ शकतो. वारा चुकला तर समुद्रातच शेवट. कित्येकांचा होतच असणार.

पाण्यातलं पिल्लू मात्र ह्या देखण्या उडणाऱ्याचं कुणी लागतं असं वाटतच नाही. चिखलाच्या रंगाचं, सहा पायांचं, बटबटीत डोळ्यांचं. खालचा ओठ हनुवटीखाली दुमडून ठेवलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढे फेकला जातो आणि टोकाच्या आकड्यांनी अळी ओढून आणतो. श्वासाचे कल्ले पोटाच्या मागच्या टोकात, आतल्या बाजूला असतात. पळायची वेळ आली की तिथलं पाणी जोरात मागे सोडायचं आणि पुढे झेपावायचं. अंडं घातल्यापासून पाच-सहा दिवसांत पिल्लू बाहेर येतं आणि उन्हाळी उबेच्या पाण्यात पाच-सहा आठवड्यांतही वाढ पुरी करतं. इतर बऱ्याच चतुरांना ह्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. ही घाई नसती तर चार महिन्यांच्या पावसावर जगणाऱ्या मुलखात त्याचा निभाव लागला नसता. नाल्यातली डबकी, खदानीतलं पाणी, सिमेंट बंधाऱ्यामागचा फुगवटा, शेततळं, सगळं त्याला चालतं. फक्त ते पाणी दीडेक महिना टिकायला हवं. पावसाने मधे तीन आठवड्यांचा खंड दिला की जसं पीक जातं, तशी ही पिल्लंही जातात.

आणखी एक धोका माणसाने उभा केला आहे. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश एका विशिष्ट पातळीत कंप पावतो. आपल्याला ते कळत नाही, चतुराच्या डोळ्यांना कळतं, आणि त्यावरूनच मादी पाणी ओळखते. पण चकचकीत गाडीचं बॉनेट आणि काळं प्लास्टिकही प्रकाश तसाच परत पाठवतं. गाडीवर शेपटी टेकवत वारंवार खाली-वर होणारी चतुराची मादी दिसली, तर ती अंडी घालत असते. ती अंडी तापलेल्या पत्र्यावर भाजून जातात.

अँडरसन ह्यांच्या हाती सुरुवातीला प्रयोगशाळा नव्हती. तारीख, जागा, वारा आणि संख्येचा अंदाज, एवढंच होतं. आपल्याकडच्या शाळांनी हे सहज करावं असं मला मनापासून वाटतं. ऑगस्टच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत रोज एकाच वेळी, एकाच मैदानावरून पाच मिनिटं पाहायचं. थवा जागेवरच घिरट्या घालतोय की एका दिशेने चाललाय, चालला असेल तर कुठल्या, हे लिहायचं. जमिनीवरचा वारा माती उडवून कळतो, वरचा वारा ढगांच्या चालीवरून. दोन्ही वेगळे लिहायचे. शेततळ्याच्या काठच्या गवतावर पिल्लांच्या वाळक्या काती चिकटलेल्या दिसतात, पाठीवर उभी चीर असलेल्या. त्या मोजल्या की इथे जन्मलेले किती ह्याचा अंदाज येतो. फोटो आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकला की जाणकार जात पडताळून देतात. शेपटीला दोरा बांधायचा खेळ मात्र सोडायला लावा, त्या चतुराला पुढे खूप लांब जायचं असतं. आणि शेवटचा थवा दिसला ती तारीख जपून ठेवा, कारण मालेतल्या पहिल्या चतुराच्या तारखेशी ताडून पाहायला तीच लागणार आहे.