बाहेर ठिणगी, आत अंधार

"हे बघा साहेब, करंट एक नंबर आहे." गॅरेजवाल्याने तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढून कॉइलला (प्लगला हजारो व्होल्ट पुरवणाऱ्या डबीला) खोचला, इंजिनच्या लोखंडाला टेकवला, पोऱ्याने स्टार्टर मारला आणि प्लगच्या टोकाशी निळीशार ठिणगी कडाडली. तरी गाडी दिवे घाटाच्या चढाला मिसिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) मारायची ती मारायचीच. सपाटीला शहाण्यासारखी चालायची, आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, तर कळायचंही नाही. चढावर पाय दाबला की झटके. इंजिनात हवा सोडणारी झडप, म्हणजे थ्रॉटल बॉडी, साफ झाली, चारही प्लग नवे पडले, शंभर टक्के गुणाची हमी देणारं बाटलीतलं औषध टाकीत गेलं. फरक शून्य. शेजारच्या काकांनी ई-२० पेट्रोलवर खापर फोडलं, आणखी एकाने बंपरला लिंबू-मिरची सुचवली.

लिंबू-मिरची दर शनिवारी बदलतात, कॉइल कोणी बदलत नाही, एवढंच म्हणतो. पेट्रोलचं म्हणाल तर ते चारही सिलिंडरना एकाच टाकीतून जातं. दोष त्याचा असता तर चौघांनीही कुरकुर केली असती. इथे एकटा तिसराच रुसला होता.

हे कळलं ते गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या, हजाराच्या आत मिळणाऱ्या ओबीडी स्कॅनरमुळे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचला, मोबाइलवर कोड आला: पी०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०० आला असता तर मिसिंग एका जागी बसलेलं नाही असं समजून इंधनाचा दाब, हवेची गळती अशा सामाईक गोष्टी आधी बघितल्या असत्या.

गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी बघत नाही, तो क्रँकशाफ्टची, म्हणजे सिलिंडर ज्याला ढकलून फिरवतात त्या दांड्याची, चाल बघतो. क्रँकबरोबर एक दातेरी चाक फिरतं. पुष्कळ गाड्यांत ६० दात्यांची जागा आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले, म्हणजे फेरीचा हिशोब लागतो. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला एकेक दाता सव्वा मिलिसेकंदात सेन्सरसमोरून जातो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेरीला एकाची ढकल. तिसऱ्याची ढकल आली नाही की ती अर्धी फेरी किंचित रेंगाळते, आणि ते रेंगाळणं टिपलं जातं. (खड्ड्यांतून जाताना चाकांचे धक्के उलटे क्रँकपर्यंत पोचून असाच गोंधळ घालतात, म्हणून बऱ्याच गाड्या खराब रस्त्यावर ही मोजणी थांबवतात. आपल्याकडे ती चालू कधी असते, कोण जाणे.)

पण मग बाहेर कडाडणारी ठिणगी आत का पडत नव्हती?

हवा विजेला सहसा वाट देत नाही. तरी तिच्यात थोडे मोकळे इलेक्ट्रॉन भटकत असतात. प्लगच्या दोन टोकांत व्होल्टेज आलं की ते धावत सुटतात आणि वाटेतल्या रेणूवर आपटतात. आपटेपर्यंत पुरेसा वेग घेतला असेल तर रेणूतून आणखी एक इलेक्ट्रॉन उडतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, असा लोंढा सुटला की ठिणगी. वेग कमी पडला तर नुसती धक्काबुक्की. दिवाळीच्या आधीच्या रविवारी लक्ष्मी रोडवर धावून बघा, दोन पावलांत कोणाच्या तरी पिशवीवर आदळाल. त्या दोन पावलांतच वेग घ्यायचा तर मागून रेटा जबरदस्त हवा. हवा जितकी दाट, तितकं व्होल्टेज जास्त लागतं ते यामुळे.

फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये हे मोजलं. ठिणगीला लागणारं व्होल्टेज दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. त्याच्या आलेखावर माझा फार जीव आहे, कारण तो नुसता चढत नाही, त्याला तळ आहे. हवा अतिविरळ केली तर आपटायला रेणूच मिळेनात, म्हणून व्होल्टेज पुन्हा वाढतं. हवेसाठी हा तळ सुमारे ३३० व्होल्टचा. आपलं इंजिन मात्र या दरीपासून लांब, उजवीकडच्या चढावर असतं.

ढोबळ आकडे घेऊ. उघड्या हवेत १ मिलिमीटरच्या फटीला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ मिटलेला, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरणारी हवा बाहेरच्या साधारण तिसरा हिस्सा दाबाची. ती दहापट दाबली तरी बाहेरच्या तिप्पटच दाट होते, म्हणजे दहा हजारांत काम भागतं. घाटात थ्रॉटल सताड उघडा, पुरी हवा आत, तीही दहापट दाबलेली, म्हणजे गरज २५-३० हजारांपर्यंत. टोकांचा आकार, तापमान, ठिणगीची वेळ यांनी आकडे सरकतात, पण चढण तीच. उघड्यावर ठिणगी दाखवून प्रमाणपत्र देणं म्हणजे पाढे म्हणून घेऊन दहावीचा निकाल लावणं. (ती चाचणी घरी करूही नका. भोवती पेट्रोलची वाफ, हातात हजारो व्होल्ट.)

व्होल्टेज चढत जातं आणि कुठेतरी वाट फोडतं. फटीतून जमलं नाही तर दुसरीकडून.

रविवारी इंजिन गार असताना दहाचा पाना घेऊन तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर टाकली, पहिल्याची तिसऱ्यावर. बाकी कशाला हात लावला नाही, कारण दोन गोष्टी एकदम हलवल्या तर गुन्हेगार कोण ते कळत नाही. कोड पुसला, घाट चढलो. पी०३०१. खोट कॉइलबरोबर चालत गेली होती. तिसऱ्यावरच राहिली असती तर पुढचा नंबर प्लगचा, मग इंजेक्टरचा, आणि तरीही नाही तर कॉम्प्रेशन तपासायला पुन्हा गॅरेज. यात एकच घाई: चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर आधी पाय सोडा, गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि त्याची जाळी वितळवतं. ते बिल कॉइलच्या बिलाच्या कित्येक पट असतं.

कॉइल उलटी करून तिच्या खालचा रबरी बूट टॉर्चखाली धरला. आतल्या बाजूला केसाएवढी करडी रेघ, वरून पार कडेपर्यंत. ठिणगी रबर आणि प्लगची चिनीमाती यांच्यामधून सरळ लोखंडात उतरत होती, आणि दर वेळी कार्बनची वाट आणखी पक्की करत होती. नवा बूट काही शेकड्यांत मिळाला.

जुने चार प्लग गॅरेजवाल्याने खोक्यात घालून परत दिले होते, ते डिकीतच पडले होते. काढून पुसले. तीन पांढरेशुभ्र. उरलेल्या एकाच्या चिनीमातीवर तशीच रेघ. प्लग बदलला होता, रेघेचा दुसरा अर्धा भाग बुटात राहिला होता.