म्हाळ आणि मृतस्मरणाच्या प्रथा (बेळगाव सीमाभाग)

भाद्रपद वद्य प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंतच्या पंधरवड्यात पितरांच्या नावाने घातल्या जाणाऱ्या जेवणाला बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी भाषक म्हाळ म्हणतात. धर्मशास्त्रात त्याला महालय श्राद्ध आणि पंचांगात पितृपक्ष म्हटलेले असले, तरी घरात आणि बाजारात ‘आमच्यात अष्टमीला म्हाळ असतो’, ‘म्हाळाला जेवायला या’ हीच भाषा चालते.

गेलेल्या माणसाची आठवण या भागात प्रामुख्याने जेवणाच्या पानावरून काढली जाते. मंत्र, समाधी, दिवा हे सारे आहेच. पण कोणाच्या नावाने कोणाला काय जेवू घातले, हे इथे जास्त मोजले जाते. ही गोष्ट फक्त हिंदू घरांपुरती नाही. आणि ज्या हॅलोविनकडे आपण भुतांचे सोंग म्हणून पाहतो, त्याच्या मुळाशीही दारोदार मागितलेला खाऊच सापडतो.

म्हाळाचा दिवस

माणूस ज्या तिथीला गेला, त्या तिथीला त्याचा म्हाळ. सवाष्ण गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमी, शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी चतुर्दशी आणि तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी, राहून गेलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या. माणूस जाऊन वर्ष झाले नसेल, तर सहसा त्या वर्षी म्हाळ घालत नाहीत. नुकताच गणपती उठलेला असतो, नवरात्र तोंडावर असते, आणि मधल्या या दिवसांत लग्नाची बोलणी, घरभरणी, सोन्याची खरेदी सगळे थांबते. पेठ थंड असते. भाजी मंडईत मात्र उलटे चित्र दिसते. गवार, भेंडी, कारले, पडवळ, अळू, तांबडा भोपळा यांना या पंधरवड्यात एकदम भाव येतो, कारण म्हाळाच्या पानात भाज्या मोजून घेतल्या जातात. जोडीला आमटी, कढी, उडदाचे वडे आणि खीर.

ब्राह्मण घरांत पिंडदान, दर्भ, काळे तीळ, पुरोहित असा विधी असतो. मराठा व इतर शेतकरी घरांत विधी आटोपशीर आणि जेवण मोठे. भिंतीवरची तसबीर पुसून तिला हार घालतात, पुढे धोतर किंवा लुगडे ठेवतात आणि केळीच्या पानावर सगळे पदार्थ वाढतात. गेलेल्याच्या आवडीचे काही राहून गेले तर चालत नाही. चहाबाज म्हाताऱ्यापुढे कपबशी येते; निपाणीसारख्या तंबाखूच्या मुलखात पानाशेजारी चिमूटभर तंबाखू किंवा विडी दिसली, तर कोणी नवल करत नाही. मग एक घास गाईला, एक कावळ्याला. पान कौलांवर किंवा गच्चीच्या कठड्यावर ठेवून घरातली मोठी माणसे ‘काव काव’ करत उभी राहतात, आणि मुले आतून भूक लागल्याची आठवण करून देत असतात.

भावकी मोठी असेल तर पंचाईत असते. एकाच तिथीला तीन घरांचे म्हाळ आले की दुपारचे जेवण एकाकडे, संध्याकाळचे दुसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडे नुसती खीर, अशी वाटणी करावी लागते. न जाणे हा अपमान धरला जातो. वर्षभर बांधावरून भांडणारे चुलतभाऊ म्हाळाला एका पंगतीत बसतात. बसले नाहीत तर गावाला कळते.

कावळ्याचा खरा मान दहाव्याला. या भागातल्या वर्तमानपत्रांत निधनवार्तेच्या शेवटी रक्षाविसर्जनाचा वार आणि वेळ हमखास दिलेली असते. त्यानंतर दहावा, बारावा. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, की जमलेली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. कशात जीव अडकला असेल याचा अंदाज बांधला जातो. एकजण हात जोडून म्हणतो, ‘म्हातारीला अंतर देणार नाही’. दुसरा म्हणतो, ‘धाकटीचं लग्न करून देतो.’ हे बोलणे चारचौघांत, नदीच्या काठावर होते, म्हणून त्याला वजन असते. कावळ्याच्या निमित्ताने वारसांकडून जाहीर कबुली घेण्याची ही रीत तलाठ्याच्या कागदाइतकीच उपयोगी आहे, असे म्हणायला हरकत नाही. मोठ्या श्राद्धविधींसाठी येथील कुटुंबे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीला किंवा गोकर्णाला जातात.

शेजारची घरे

कन्नड भाषक शेजाऱ्यांकडे हाच काळ ‘हिरियर हब्ब’ म्हणजे थोरांचा सण म्हणून पाळला जातो. पानावर नैवेद्य वाढणे, नवे कापड ठेवणे हे सारे ओळखीचे.

लिंगायत परंपरेत दहन नाही. मृताला इष्टलिंगासह, म्हणजे अंगावर धारण केलेल्या लहान शिवलिंगासह, बसलेल्या स्थितीत पुरतात. मृत्यूला लिंगैक्य होणे म्हणतात. शरणांच्या, म्हणजे बसवण्णा आदी संतांच्या, शिकवणीत श्राद्धकर्माला जागा नाही. तरी अमावास्येला थोरांना नैवेद्य दाखवणारी लिंगायत घरे उत्तर कर्नाटकात कमी नाहीत. मठाधीशांच्या समाधीला गद्दुगे म्हणतात, आणि तिथे जत्रा व दासोह म्हणजे अन्नदान चालते.

चिकोडी, निपाणी, अथणी, रायबाग भागात दिगंबर जैनांची वस्ती मोठी आहे. जैन मतानुसार जीव लगेच दुसरा जन्म घेतो. त्यामुळे मागे राहिलेल्यांनी त्याला जेवू घालण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांच्याकडे स्मरण होते ते मरण कसे स्वीकारले याचे. सल्लेखना, म्हणजे आहार सोडून शांतपणे मरण स्वीकारण्याचे व्रत, घेतलेल्यांच्या आठवणीत उभारलेले निषिधीचे दगड कर्नाटकात जागोजागी आहेत. याच भागातील भोज गावचे आचार्य शांतिसागर यांनी 1955 मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली. पितरांना पान वाढण्याच्या या मुलखात जैनांनी आहारत्यागाला मान दिला, हा अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मुस्लिम घरांत शब-ए-बरातच्या रात्री कबरस्तानात जाऊन फातिहा पढतात, कबरींवर फुले आणि उदबत्ती ठेवतात, घरी हलवा करून वाटतात. मोहरम हा करबलाच्या हुतात्म्यांचा शोक. पण सीमाभागातल्या कित्येक खेड्यांत तो सगळ्या गावाचा असतो. हाताच्या पंजाच्या आकाराची धातूची चिन्हे म्हणजे पंजे बसतात, त्यांना पीर म्हणतात, कन्नडमध्ये अलाई देवरु. नवस बोललेले हिंदूही त्या दिवसांपुरते फकीर होतात. गूळ घातलेले गव्हाचे चोंगे घरोघरी होतात. मुसलमानाचे एकही घर नसलेल्या गावांतही पीर बसतात.

कॅथलिक समाज कोकणी, मराठी, कन्नड अशा तिन्ही भाषांत वावरतो. बेळगावचा धर्मप्रांत 1953 मध्ये स्थापन झाला. 2 नोव्हेंबरला ‘सर्व मृतांचा दिन’ असतो. त्याआधी थडग्यांवरचे गवत काढून घेतात, क्रूस धुतात. त्या दिवशी मेणबत्त्या लावतात, झेंडू-शेवंती वाहतात आणि धर्मगुरू थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडतात.

दगडात राहिलेली माणसे

खानापूर तालुक्यातील हलशी ही कदंब राजघराण्याची प्राचीन नगरी पलाशिका. या परिसरातल्या देवळांच्या आवारात, पाराखाली, कधी ओढ्याच्या काठी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, उभे असतात. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा पळवलेल्या गाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला हात असतो. कोणाचा दगड हे गाव विसरलेले असते. तरी तेल-शेंदूर लागतो, नारळ फुटतो, सणाला नैवेद्य येतो. नाव गेले आणि पान तेवढे उरले, अशी ही उलटी गत.

नंदगडचे उदाहरण जास्त ठळक आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी 1831 मध्ये येथे फाशी दिली. त्याच्या समाधीजवळच्या वडाला मूल व्हावे म्हणून लोक पाळणे बांधतात. फासावर गेलेला तरुण पुढे अपत्य देणारा देव होतो. लोकश्रद्धा असा मार्ग घेते तेव्हा तिला इतिहासाचे पुस्तक लागत नाही. चन्नम्मांची समाधी बैलहोंगलला आहे.

सीमाप्रश्नाच्या चळवळीतील मृतांसाठी मराठी भाषक 17 जानेवारीला हुतात्मा दिन पाळतात. 1956 मधील गोळीबारात बळी पडलेल्यांची ती आठवण. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांना 1 जूनला हिंडलग्यात अभिवादन होते. इथे पान नाही, पुष्पचक्र आहे.

हॅलोविन आणि इथला भोपळा

हॅलोविन 31 ऑक्टोबरच्या रात्रीचे. आयर्लंड-स्कॉटलंडमधील केल्टिक लोकांचा सामहेन हा सण सुगी संपून हिवाळा लागताना येई, आणि त्या रात्री मेलेल्यांचे जग उघडते अशी समजूत होती. नवव्या शतकात चर्चने 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस सर्वत्र लागू केला. फ्रान्समधील क्लुनी मठाचे प्रमुख ओडिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस त्याला 2 नोव्हेंबरचा मृतांचा दिवस जोडला. इंग्लंडात गरीब माणसे या दिवसांत दारोदार जात, घरवाले त्यांना ‘सोल केक’ देत, आणि बदल्यात ती त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना म्हणत. आज मुले सोंगे घेऊन चॉकलेटे मागतात, त्यामागे हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे. मेलेल्याच्या नावाने परक्याच्या पोटात घास घालणे यात आणि म्हाळात फार अंतर नाही. कंबोडियातला प्चुम बेन हा सण तर आणखी जवळचा: तोही पंधरा दिवसांचा, साधारण पितृपक्षाच्याच सुमारास, आणि त्यात पितरांसाठी भाताचे गोळे देतात. मेक्सिकोतील मृतांच्या दिवशी वेदीवर मृताच्या आवडीचे पदार्थ मांडतात आणि झेंडूची रास घालतात. झेंडू मूळचा तिकडचाच.

आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात ते अमेरिकेला गेले आणि त्यांना भोपळा सापडला. बेळगावात तांबडा भोपळा म्हाळाच्या भाजीत जातो. बाधा टाळण्याचे काम इथे कोहळ्याकडे आहे. दुकानाच्या, नव्या घराच्या दाराशी कुंकू लावलेला कोहळा शिंक्यात टांगलेला असतो. खंडेनवमीला यंत्रे-गाड्या पुजल्या की कुंकू भरलेला कोहळा रस्त्यात फोडतात, आणि दुसऱ्या दिवशी दुचाकीवाले त्या लगद्यावरून घसरतात. दिव्याची गोष्टही मिळतीजुळती आहे. महालयात आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून दिवाळीत उंचावर दिवे दाखवावेत, अशी धर्मशास्त्रातली समजूत आहे. आकाशकंदील टांगताना आता हे कोणाच्या मनात नसते, एवढेच.

भीतीचा भाग सीमाभागात अमावास्येच्या वाट्याला आलेला आहे: तिकाटण्यावरचा (तीन रस्ते मिळतात तिथला) दहीभात, लिंबू, उतारा, मुंजा आणि हडळ. त्याला आव्हान देण्याचा गाजलेला प्रयत्न बेळगावातच झाला. डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, 6 डिसेंबर 2014 रोजी, त्या वेळी मंत्री असलेल्या सतीश जारकीहोळी यांनी सदाशिवनगर स्मशानभूमीत रात्र काढली. सोबतचे लोक तिथेच जेवले. पुढील वर्षांतही हा कार्यक्रम होत राहिला.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून आणि कॅफेंतून हॅलोविनचे मुखवटे आता इकडेही दिसू लागले आहेत. घरी त्याचा विधी काही नाही. म्हाळाचे रूपही बदलते आहे. पुण्या-मुंबईला गेलेल्यांच्या सोयीसाठी तिथी सोडून रविवार किंवा थेट सर्वपित्री धरली जाते, स्वयंपाकाची ऑर्डर बाहेर दिली जाते, आणि दिवसभर घरी थांबता न येणारे आश्रमशाळेत किंवा वृद्धाश्रमात एक वेळचे जेवण देऊन येतात. जुनी माणसे याला म्हाळ म्हणायला अजून राजी नाहीत.