बिटमॅप टर्मिनल

बिटमॅप टर्मिनल : पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी स्मृतीत निदान एक बिट राखून ठेवणारे, संगणकाला जोडायचे टर्मिनल (पडदा व कळफलक असलेले उपकरण). अक्षरी टर्मिनलवर ठरलेल्या चौकटींत ठरलेली अक्षरेच उमटत. येथे आकृत्या, हव्या त्या वळणाची अक्षरे व एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्या दाखवता येतात. अशा टर्मिनलची निवड मुख्यतः मुख्य संगणकाकडून येणाऱ्या तारेच्या वेगावर ठरे.

या वर्गातील ‘ब्लिट’ हा नमुना रॉब पाइक व बार्ट लोकँथी यांनी १९८२ च्या सुमारास बेल लॅबोरेटरीजमध्ये तयार केला. ८०० × १०२४ ठिपक्यांचा उभा हिरवा पडदा, मोटोरोला ६८००० प्रक्रियक, २५६ किलोबाइट स्मृती आणि माउस अशी त्याची रचना होती. नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘बेल लॅब्ज इंटेलिजंट टर्मिनल’ ही आद्याक्षरांची फोड बऱ्याच ठिकाणी आढळते, पण ती मागाहून जुळवलेली दिसते. ठिपक्यांचा आयताकृती तुकडा एका जागेहून दुसरीकडे नेणाऱ्या ‘बिटब्लिट’ या क्रियेवरून नाव पडले, हे पाइक यांचे स्वतःचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. ती क्रिया झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातील डॅन इंगल्स यांची, साधारण १९७५ ची. ब्लिटचे आधीचे नाव ‘जर्क’. ते ‘पर्क’ या संगणकाच्या नावावरच्या विनोदातून आले.

ब्लिटच्या पडद्याचे ८,१९,२०० ठिपके म्हणजे, आठ ठिपक्यांना एक बाइट या हिशोबाने, १,०२,४०० बाइट. टर्मिनल संगणकाला जोडणाऱ्या, एकामागून एक बिट नेणाऱ्या आरएस-२३२ तारेवर एका बाइटमागे आरंभ व अंत दाखवणारे बिट धरून १० बिट जातात. म्हणून ९,६०० बिट प्रतिसेकंद वेगाला सेकंदाला ९६० बाइट पोहोचतात आणि पूर्ण पडदा भरायला सुमारे १०७ सेकंद लागतात. १,२०० वेगाला हेच काम १४ मिनिटांवर जाते. उलट ८० × २४ अक्षरांचे पान ९,६०० वर दोन सेकंदांत येते.

म्हणून ब्लिटमध्ये चित्र तारेवरून पाठवण्याऐवजी चित्र काढणारा प्रोग्रॅमच टर्मिनलमध्ये उतरवला जाई. ‘सॅम’ हा मजकूर संपादनाचा प्रोग्रॅम असाच दोन भागांत चाले : पडदा व माउस टर्मिनलकडे, फाइल यजमान (म्हणजे मुख्य) संगणकाकडे. मात्र ६० किलोबाइटचा प्रोग्रॅम उतरवायलाही ९,६०० वर मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. टेलिटाइप ५६२० ही ब्लिटची विक्रीची आवृत्ती साधारण १९८४ ची. तिच्यात प्रक्रियक बदलला होता.

सेकंदाला १० मेगाबिट नेणाऱ्या इथरनेट या संगणक-जाळ्यावर तेवढाच पडदा, तत्त्वतः, सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात जातो. जाळ्यावरून खिडक्या दाखवणाऱ्या १९८७ च्या एक्स११ प्रणालीनंतर निघालेली एक्स टर्मिनले हा वेग गृहीत धरूनच बनली. तेथे प्रोग्रॅम यजमान संगणकावर राहतो, टर्मिनल फक्त रेखाटते; तरीही परिभाषेत ‘सर्व्हर’ (सेवा पुरवणारा) टर्मिनललाच म्हणतात, हे नवख्याला उलटे वाटते. मंद तारेसाठी एक्सरिमोट व पुढे १९९६ मध्ये एलबीएक्स या संपीडन (माहिती आवळून पाठवण्याच्या) पद्धती आल्या.