काळ्या दगडावरची रेघ आणि ४२० दिवसांचे चक्र

दगडावर कोरलेली तारीख म्हणजे वादातीत पुरावा, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु काळ्या दगडावरची रेघही कोरणाऱ्याच्या हातून चुकते, झिजल्यावर वाचणाऱ्याला फसवते आणि पुष्कळदा घटनेनंतर शतकांनी ओढलेली असते. हान्स पेंट या जर्मन अभ्यासकाने उत्तर थायलंडच्या, म्हणजे पूर्वीच्या लान ना राज्याच्या, इतिहासाला वाहून घेतले आणि चिआंग माई विद्यापीठाच्या सामाजिक संशोधन संस्थेत तेथील शिलालेखांवर दीर्घकाळ काम केले. या लेखांपैकी अनेकांत एकच दिवस तीन-चार स्वतंत्र मोजण्यांनी नोंदवलेला असतो, आणि खरी गंमत तेथेच आहे.

चिआंग माईच्या वात चिआंग मान मंदिरातील १५८१ चा लेख घ्यावा. राजा मंगराय याने नगर वसवले तो दिवस त्यात असा दिला आहे: चुला सकरात (तिकडचा जुना शक) ६५८, वैशाख शुक्ल अष्टमी, गुरुवार, ताइ पद्धतीच्या साठ दिवसांच्या चक्रातला १४ वा दिवस, पहाटेची वेळ, मीन लग्न (म्हणजे त्या वेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास मीन). चुला सकरातमध्ये ५६० मिळवले की आपल्या पंचांगातला शालिवाहन शक मिळतो, येथे १२१८, म्हणजेच इ. स. १२९६.

सात वारांचे आणि साठ दिवसांचे अशी ही दोन्ही चक्रे सूर्य-चंद्राकडे न पाहता अखंड फिरत राहतात. ७ आणि ६० यांना सामाईक विभाजक नसल्याने एखादी जोडी पुन्हा जुळायला ४२० दिवस लागतात. वर्ष त्याहून लहान असल्याने ती वर्षातून फार तर एकदाच येते. तिथी झिजून गेली, तरी वर्ष आणि ही जोडी वाचता आली की दिवस निश्चित होतो: येथे तो १२ एप्रिल १२९६. तिथी शिल्लक असेल तर पडताळा आणखी कडक होतो. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा असल्याने ४२० दिवसांत चौदा मास उलटून साडेसहा दिवस उरतात, म्हणजे जोडी पुन्हा जुळते तेव्हा तिथी सहा-सात घरे सरकलेली असते. चंद्राच्या मध्यम गतीने मोजल्यास त्या वर्षी ४ एप्रिलला अमावास्या येते आणि १२ तारखेच्या पहाटे अष्टमीच असते. चिआंग माईची मासगणना मध्य थायलंडच्या दोन महिने पुढे चालते. महिना नावाऐवजी अंकाने दिलेला असताना ते ध्यानात न घेतल्यास ५९ दिवसांची चूक होते, पण वार तीन घरांनी चुकल्याने ती लगेच पकडली जाते.

मीन लग्नावरून नगराचे भविष्य सांगण्याचा मोह कोणाला झालाच, तर १५५८ मध्ये हे नगर ब्रह्मी राजवटीखाली गेले हे आठवावे. लग्न येथे निव्वळ घड्याळाचे काम करते: सूर्य मेषेत असताना मीन रास त्याच्या आधी उगवते, म्हणून पहाटेची नोंद जुळते.

तथापि गणित जुळले म्हणजे नोंद समकालीन ठरत नाही. चुला सकरातच्या गणनेत ८०० वर्षांचे २,९२,२०७ दिवस धरले जातात. हे सूत्र जाणणाऱ्या १५८१ च्या ज्योतिष्याला २८५ वर्षांपूर्वीचा वार मागे जाऊन काढणे अवघड नव्हते. त्याच्यासमोर जुनी नोंद होती की त्याने ती गणिताने पूर्ण केली, याचा निवाडा आकडेमोडीने होत नाही. त्यासाठी आधीच्या बखरी ताडून पाहाव्या लागतात. रत्नपञ्ञ या भिक्षूने सोळाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या पाली बखरीतील थायलंडविषयक भागाची सटीप सूची पेंट यांनी तयार केली, ती अशा पडताळणीत उपयोगी पडते.